मायक्रोवेव्हवरील पर्यावरणस्नेही संश्लेषण: तोलण्यापासून हिशेबापर्यंतची कृती

मायक्रोवेव्ह रिॲक्टर नव्याने हाताळणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने चुकतात. जुन्या कृतीतला ऑइल बाथ (गरम तेलाचे भांडे) काढून त्या जागी मायक्रोवेव्ह आणतात, वहीत ‘३०० वॅट, ५ मिनिटे’ अशी नोंद करतात, आणि आठ तासांचे काम पाच मिनिटांत झाले म्हणजे पद्धत हरित झाली असे धरून चालतात. यातल्या दोन्ही गोष्टी सुधारायला हव्यात. अभिक्रिया वॅट ओळखत नाही, ती तापमान ओळखते; त्यामुळे वॅटवर लिहिलेली कृती दुसऱ्या उपकरणावर, किंवा त्याच उपकरणावर वेगळ्या घनफळाला, पुन्हा जमेलच असे नाही. आणि हरितपणाचा हिशेब त्या पाच मिनिटांपुरता करता येत नाही. तो रसायने तोलल्यापासून शुद्ध स्फटिक बाटलीत जाईपर्यंत करावा लागतो.

खालील टप्पे याच क्रमाने पाळावेत. उदाहरणासाठी मी सर्वत्र बिगिनेली अभिक्रिया घेतली आहे: बेंझाल्डिहाइड, एथिल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकत्र येऊन डायहायड्रोपिरिमिडिनोन तयार होते आणि पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. ही अभिक्रिया निवडण्याचे कारण असे की तिच्यात शिकण्यासारखे बरेच काही चुकू शकते.

## टप्पा १: ही अभिक्रिया मायक्रोवेव्हमध्ये न्यावी का?

प्रयोगशाळेतील उपकरणे २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात. या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर सहसंयुज बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे मायक्रोवेव्ह बंध तोडत नाही. ध्रुवीय रेणू बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर फिरण्याचा प्रयत्न करतात, आयन पुढेमागे हलतात, आणि त्या ओढाताणीतून द्रव आतूनच तापतो. मायक्रोवेव्हच्या खास, उष्णतेपलीकडच्या परिणामांचे अनेक दावे आतले तापमान नीट मोजल्यावर टिकले नाहीत, ही गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी.

म्हणून प्रश्न साधा आहे: ही अभिक्रिया जास्त तापमानाला वेगाने आणि स्वच्छ होईल का? खोलीच्या तापमानाला अर्ध्या तासात नीट होणारी अभिक्रिया मायक्रोवेव्हमध्ये नेण्यात काहीच अर्थ नाही. तिथे ऊर्जा वाढते आणि उपयोग शून्य. तासन्‌तास रिफ्लक्स (द्रावक उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत भांड्यात आणणे) लागणारी अभिक्रिया मात्र योग्य उमेदवार आहे.

सावधान: ॲझाइड, डायॲझो संयुगे, पेरॉक्साइड, परक्लोरेट आणि अनेक नायट्रो गट असलेली संयुगे बंद कुपीत तापवू नयेत. ज्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन किंवा अमोनियासारखा वायू सुटतो, तिथे पूर्ण प्रमाणात किती वायू निर्माण होईल याचे गणित आधी कागदावर करावे. रसायनांची सुरक्षा-माहितीपत्रके वाचणे हा या टप्प्याचाच भाग आहे.

## टप्पा २: उपकरण आणि त्याचा तापमापक

घरगुती ओव्हन वापरू नये. त्याला ढवळण्याची सोय नाही, आतले तापमान कळत नाही, कमी शक्तीवर तो मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारी नळी) चालू-बंद करत राहतो आणि द्रावकाची बाष्पे एका ठिणगीत पेट घेऊ शकतात. ‘आम्ही तर नेहमी त्यातच करतो’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, पण त्याने धोका कमी होत नाही.

समर्पित रिॲक्टरमध्ये दोन प्रकार भेटतात. एकल-मोड उपकरणात एकच लहान कुपी क्षेत्राच्या मध्यभागी बसते. बहु-मोड उपकरणात मोठी पोकळी असते आणि अनेक भांडी फिरत्या चकतीवर ठेवतात. पद्धत शोधायची असेल तेव्हा पहिला प्रकार सोयीचा.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते तापमान कुठे मोजले जाते. अवरक्त संवेदक कुपीच्या बाहेरच्या काचेचे तापमान वाचतो, तर फायबर-ऑप्टिक कांडी आतल्या द्रवाचे. जाड, चिकट किंवा नीट न ढवळलेल्या मिश्रणात या दोन आकड्यांत बराच फरक पडतो. बाहेरून संकुचित हवा सोडून एकाच वेळी तापवणे आणि थंड करणे चालू ठेवले, तर अवरक्त संवेदक फसतोच. मी स्वतः एकदा ही हवा सुरू ठेवून पडद्यावरच्या १०० अंशांवर विसंबलो होतो. कुपी उघडली तेव्हा आत पिवळसर घनाऐवजी तपकिरी राळ होती. फायबर-ऑप्टिक कांडी घालून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा आतला द्रव दाखवलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी गरम असल्याचे दिसले.

तपासणी: महिन्यातून एकदा उघड्या भांड्यात ढवळते पाणी उकळून संवेदकाचा आकडा पाहावा. ढवळणे चालूच ठेवावे, कारण न ढवळलेले पाणी मायक्रोवेव्हमध्ये उत्कलनबिंदूच्या काही अंश वर जाऊनही शांत राहते आणि मग एकदम उसळते.

## टप्पा ३: द्रावक

इथे घाई करू नये, कारण पर्यावरणाचा निम्मा निर्णय याच टप्प्यावर होतो.

द्रावक मायक्रोवेव्ह किती शोषून उष्णतेत बदलतो हे ऱ्हास-गुणकावरून, म्हणजे टॅन डेल्टावरून कळते. खोलीच्या तापमानाला आणि २.४५ गिगाहर्ट्झला एथिलीन ग्लायकॉलचा आकडा सुमारे १.३५, एथेनॉलचा ०.९४, डीएमएसओचा (डायमिथिल सल्फॉक्साइड) ०.८२, मिथेनॉलचा ०.६६, डीएमएफचा (डायमिथिल फॉर्मामाइड) ०.१६, पाण्याचा ०.१२, ॲसिटोनचा ०.०५, टोल्युईनचा ०.०४ आणि हेक्झेनचा ०.०२ आहे. ०.५ च्या वरचे द्रावक झपाट्याने तापतात, ०.१ ते ०.५ मधले मध्यम आणि त्याखालचे कष्टाने.

बरेच जण हा तक्ता पाहून थेट डीएमएसओ किंवा डीएमएफ उचलतात. ते करू नये. डीएमएफ जास्त तापमानाला विघटित होऊन डायमिथिल अमाइन आणि कार्बन मोनॉक्साइड देते, डीएमएसओचे विघटन हिंसक होऊ शकते, आणि दोन्ही द्रावक उत्पादितातून काढायला पाण्याच्या अनेक धुण्या लागतात. ते पाणी शेवटी कुठेतरी जातेच. पहिली पसंती एथेनॉल किंवा पाणी, त्यानंतर एथिल ॲसिटेट. क्लोरिनयुक्त द्रावक यादीतून काढूनच टाकावेत.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘माझे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत’ एवढ्यावर ते नेहमी नाकारले जाते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे ढोबळमानाने ध्रुवीयतेचे माप, २५ अंशांना ७८ च्या आसपास असतो. २०० अंशांना तो साधारण ३५ पर्यंत उतरतो. म्हणजे बंद कुपीतले गरम पाणी मिथेनॉलच्या जवळपास वागू लागते आणि बरेच सेंद्रिय पदार्थ त्यात विरघळतात. कुपी थंड झाली की पाणी पुन्हा मूळच्या स्वभावावर येते आणि उत्पादित आपोआप बाहेर पडते. गाळले की काम झाले. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे १५.५ बार होतो, आणि तापमान वाढते तसे पाण्याचे मायक्रोवेव्ह शोषण घटते, त्यामुळे शेवटचे तीस-चाळीस अंश चढायला उपकरणाला जास्त शक्ती लागते. चिमूटभर मीठ घातल्यास आयनांमुळे शोषण सुधारते, फक्त ते मीठ अभिक्रियेत ढवळाढवळ करणारे नसावे.

आपल्या उदाहरणासाठी एथेनॉल योग्य: ते पटकन तापते, तिन्ही अभिकारक त्यात विरघळतात आणि उत्पादित थंड एथेनॉलमध्ये फारसे विरघळत नाही.

द्रावकाशिवाय, म्हणजे ॲल्युमिना, सिलिका किंवा मॉन्टमोरिलोनाइट मातीवर अभिकारक शोषून, काम करण्याची पद्धतही आहे. ती ऐकायला सर्वांत हरित वाटते, पण कोरडी भुकटी नीट ढवळली जात नाही, एखादा कोपरा करपतो, आणि शेवटी उत्पादित मातीतून सोडवायला भरपूर द्रावक ओतावा लागतो. तो द्रावक हिशेबात धरणारे थोडे.

## टप्पा ४: तापमान आणि वेळ कागदावर ठरवणे

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की वेळ निम्मा होतो. एखादी अभिक्रिया ८० अंशांना ८ तास घेत असेल, तर ९० ला ४ तास, १०० ला २ तास, १२० ला अर्धा तास आणि १६० ला जेमतेम २ मिनिटे असा अंदाज निघतो. हा केवळ प्रारंभबिंदू आहे, पण वॅट आणि मिनिटे अंदाजाने टाकण्यापेक्षा कितीतरी बरा.

वरच्या मर्यादेचा विचार त्याचबरोबर करावा. एथेनॉलचा बाष्पदाब १२० अंशांना सुमारे ४.३ बार आणि १५० ला ९.८ बार असतो. लहान काचकुप्यांची मर्यादा साधारण २० बारच्या आसपास असते; आपल्या उपकरणाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा आणि त्याच्या बराच खाली राहावे.

दुसरी मर्यादा पदार्थांची. युरियाचा वितळणबिंदू १३३ अंश आहे आणि त्याच सुमारास तो अमोनिया सोडत विघटित होऊ लागतो. म्हणून बिगिनेलीसाठी १२० अंश ठरवावेत. ‘अजून वेग हवा’ म्हणून १५० वर नेल्यास वेळ वाचतो, पण उतारा (हाती येणाऱ्या उत्पादिताचे प्रमाण) घटतो आणि कुपीत अमोनियाचा दाब साचतो.

## टप्पा ५: कुपी भरणे

१० मिलिलिटरच्या कुपीसाठी, २ मिलिमोल प्रमाणावर:

१. युरिया १८० मिलिग्रॅम (३ मिलिमोल) आणि पॅरा-टोल्युईन सल्फोनिक आम्लाचा मोनोहायड्रेट ३८ मिलिग्रॅम (१० मोल टक्के) आधी कुपीत घ्यावे.
२. एथेनॉल २ मिलिलिटर घालून कुपीच्या कडेला चिकटलेली भुकटी खाली धुवून घ्यावी.
३. बेंझाल्डिहाइड २१२ मिलिग्रॅम आणि एथिल ॲसिटोॲसिटेट २६० मिलिग्रॅम घालावे.
४. ढवळण्याची चुंबकीय कांडी, जिला आपण नीडल म्हणतो, ती कुपीच्या तळाला सहज फिरेल एवढ्याच आकाराची टाकावी.
५. झाकण न लावता साध्या ढवळयंत्रावर दोन मिनिटे फिरवून पाहावे.

पाचवी पायरी सगळे वगळतात. युरियाचा गोळा तळाशी बसून कांडी अडकली असेल तर ते उपकरणाच्या आत दिसत नाही, बाहेर दिसते. कांडी थांबलेल्या कुपीत तळ आणि पृष्ठभाग यांच्या तापमानात मोठा फरक पडतो, आणि संवेदक त्यातला एकच आकडा सांगतो.

बेंझाल्डिहाइडची बाटली उघडताना तोंडाकडे लक्ष द्यावे. तिथे पांढरे सुईसारखे स्फटिक जमले असतील तर ते बेंझोइक आम्ल आहे: हवेतल्या ऑक्सिजनने अल्डिहाइडचे ऑक्सिडीकरण झाले आहे. असे बेंझाल्डिहाइड शुद्ध केल्याशिवाय वापरले, तर उतारा कमी येतो आणि दोष मात्र मायक्रोवेव्हला दिला जातो.

सावधान: कुपी दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये, कारण गरम द्रव प्रसरण पावतो आणि बाष्पाला जागा लागते. उपकरणाने सांगितलेल्या किमान घनफळाखालीही जाऊ नये, नाहीतर संवेदक द्रवाऐवजी रिकाम्या काचेकडे पाहत बसतो. ओरखडा किंवा बारीक चीर असलेली कुपी टाकून द्यावी. दाबून बसवायचे झाकण एकदाच वापरावे.

पॅलेडियमसारखा धातू-उत्प्रेरक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. अभिक्रियेनंतर काचेवर काळसर, आरशासारखी कडा दिसली, तर तो धातूचा पातळ थर आहे. पुढच्या वेळी तो थर मायक्रोवेव्हमध्ये आधी तापतो आणि तिथेच काच तडकते. अशी कुपी घासून पुन्हा वापरू नये.

## टप्पा ६: तापवणे आणि पहिली दोन मिनिटे

उपकरण तापमान-नियंत्रित पद्धतीवर ठेवावे. लक्ष्य १२० अंश, धरून ठेवण्याचा वेळ १० मिनिटे, दाबाची कमाल मर्यादा १० बार, ढवळणे जोरात. कमाल शक्तीवरही बंधन घालावे. एथेनॉलसारख्या उत्तम शोषकाला एवढ्या घनफळात १०० वॅट पुरतात. ३०० वॅट सोडल्यास द्रव संवेदकाच्या पुढे धावतो, आकडा १२० दाखवेपर्यंत आत १४० झालेले असतात, आणि युरियाच्या बाबतीत नेमके तेच नको आहे.

वेळेची मोजणी १२० अंश गाठल्यापासून करावी. चढण्याचा वेळ वेगळा लिहावा.

पहिली दोन मिनिटे पडद्यापासून हलू नये. तापमान, दाब आणि शक्ती या तीन रेषा एकत्र वाचाव्यात. तापमान स्थिर झाल्यावर शक्ती खाली येऊन टिकली आणि दाब साधारण ४ बारवर थांबला, तर सर्व ठीक आहे. तापमान स्थिर असूनही दाब हळूहळू चढतच असेल, तर वायू निर्माण होत आहे, प्रयोग थांबवावा. शक्ती कमाल मर्यादेला चिकटून राहिली आणि तापमान चढेना, तर द्रावक पुरेसे शोषत नाही. तिथे शक्ती वाढवण्यापेक्षा द्रावक बदलावा किंवा सिलिकॉन कार्बाइडची तापक-कांडी टाकावी, जी स्वतः लहरी शोषून द्रवाला उष्णता देते.

## टप्पा ७: थंड करणे आणि उघडणे

संकुचित हवेने ५० अंशांखाली येईपर्यंत थांबावे. नंतर दाबाचा आकडा पाहावा. तो शून्याजवळ आला नसेल, तर आत थंड होऊनही द्रवरूप न होणारा वायू आहे. अशी कुपी फ्युम हूडमध्ये, काच खाली ओढून, झाकणातल्या सेप्टममधून (सुईने भेदता येणारी लवचीक चकती) बारीक सुई घालून मोकळी करावी. उघडताना अमोनियाचा वास आला तर तापमान जास्त झाले होते हे वहीत लिहून ठेवावे.

एक थेंब घेऊन टीएलसी (पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफी) करावी. अल्डिहाइड शिल्लक असेल तर तीच कुपी नवे झाकण लावून आणखी ५ मिनिटे चालवता येते. वेळ एकदम तिप्पट करण्याचा मोह आवरावा.

## टप्पा ८: उत्पादित वेगळे करणे

हरित म्हणवणारी बहुतेक कामे इथे येऊन बिघडतात. अभिक्रिया दहा मिनिटांत होते आणि मग सवयीने स्तंभ (सिलिका भरलेल्या नळीतून द्रावक ओतून शुद्धीकरण) लावला जातो.

कुपी तशीच बर्फात अर्धा तास ठेवावी. आधी काहीच दिसत नाही. कुपीच्या आतल्या बाजूला काचेच्या कांडीने एकदा घासले की पांढरा घन भरभर उतरू लागतो. तो गाळून आधी थोड्या थंड पाण्याने धुवावा, म्हणजे उरलेला युरिया आणि आम्ल निघून जाते; मग १ मिलिलिटर बर्फासारख्या थंड एथेनॉलने. वाळवून वितळणबिंदू पाहावा. तो २०० अंशांच्या किंचित वर आणि एक-दोन अंशांच्या टापूत असेल, तर स्तंभाची गरज नाही. टापू रुंद असेल तर एथेनॉलमधून एकदा पुनःस्फटिकीकरण करावे.

गाळलेले एथेनॉल नळात सोडू नये. त्यात उत्पादिताचा काही भाग असतो. तीन-चार प्रयोगांचे गाळलेले द्रव एकत्र करून आटवल्यास उत्पादिताचा दुसरा हप्ता मिळतो आणि एथेनॉलही परत येते.

## टप्पा ९: हिशेब

अणु-मितव्यय, म्हणजे अभिकारकांच्या वस्तुमानाचा किती भाग उत्पादितात जातो, तो आधी काढावा. तिन्ही अभिकारकांची रेणुवस्तुमाने १०६.१, १३०.१ आणि ६०.१, बेरीज २९६.३. उत्पादिताचे २६०.३. म्हणजे ८७.८ टक्के, आणि उरलेला भाग फक्त पाणी. हा आकडा अभिक्रियेचा आहे. तो ऑइल बाथमध्येही तेवढाच राहतो. मायक्रोवेव्हचे श्रेय म्हणून तो मांडू नये.

आपल्या हाताने काय केले ते ई-घटक सांगतो: एक ग्रॅम उत्पादितामागे किती ग्रॅम कचरा. समजा उतारा ८० टक्के, म्हणजे ०.४१६ ग्रॅम मिळाला. आत घातले अभिकारक ०.६५२ ग्रॅम, उत्प्रेरक ०.०३८ ग्रॅम, एथेनॉल एकूण ३ मिलिलिटर म्हणजे सुमारे २.३७ ग्रॅम. बेरीज ३.०६. कचरा २.६४ ग्रॅम, पाणी सोडून. ई-घटक ६.३.

आता हेच उत्पादित २० ग्रॅम सिलिका आणि समभाग एथिल ॲसिटेट-हेक्झेनच्या १५० मिलिलिटर मिश्रणाने स्तंभावर शुद्ध केले असे धरू. सिलिका आणि द्रावक मिळून सुमारे १३७ ग्रॅमची भर पडते आणि ई-घटक ३३५ च्या आसपास जातो. एका स्तंभाने पन्नास पट फरक पडतो.

विजेचा हिशेबही करावा. मॅग्नेट्रॉन घेतलेल्या विजेचा सुमारे ६५ टक्केच भाग लहरींत बदलू शकतो, आणि छोट्या कुपीत त्यातलाही बराचसा शोषला जात नाही. बचत होते ती वेळ घटल्यामुळे. म्हणून भिंतीच्या सॉकेटला ऊर्जामापक लावून, हवेचा कॉम्प्रेसर धरून, पूर्ण प्रयोगाची वॅट-तासांत नोंद घ्यावी आणि तीच अभिक्रिया रिफ्लक्सवर करून तुलना करावी. उघड्या भांड्यात, रिफ्लक्सच्याच तापमानाला मायक्रोवेव्ह चालवला, तर वेळ फारसा वाचत नाही आणि वीज जास्तही लागू शकते.

## टप्पा १०: तुलनेचा प्रयोग, नोंद आणि प्रमाण वाढवणे

तुलना करायची तर समान तापमानाला करावी: जाड भिंतीच्या बंद नळीत, आधीच १२० अंशांना तापवलेल्या ऑइल बाथमध्ये, सुरक्षा-पडद्यामागे, तेवढीच मिनिटे. ७८ अंशांचा रिफ्लक्स आणि १२० अंशांचा मायक्रोवेव्ह समोरासमोर ठेवून ‘मायक्रोवेव्ह सोळा पट वेगवान’ असे लिहिणे चुकीचे आहे, कारण तो फरक तापमानाचा आहे.

वहीत पुढील गोष्टी आल्याच पाहिजेत: उपकरणाचा प्रकार, कुपीचे आकारमान, द्रवाचे घनफळ, संवेदक आत की बाहेर, लक्ष्य तापमान, चढण्याचा आणि धरण्याचा वेळ, कमाल दाब, ढवळण्याचा वेग, थंड करण्याची पद्धत. वॅट शेवटी, माहितीपुरते.

प्रमाण वाढवताना कुपी दहापट मोठी करून तोच कार्यक्रम चालवू नये. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात या लहरी काही सेंटिमीटरच खोल जातात. त्यापलीकडचा द्रव ढवळण्यानेच तापतो. २ मिलिलिटरवरून आधी १० वर जावे, चढण्याचा वेळ आणि उतारा तपासावा, मग बहु-मोड उपकरणात समांतर कुप्या किंवा सतत वाहणारी नळी यांचा विचार करावा. युरियासारखा घन सुरुवातीला न विरघळलेला राहत असेल तर वाहत्या नळीत तो अडकतो, तिथे समांतर कुप्याच बऱ्या.